ॲल्युमिनियमला काळं होऊ द्या

हौसेने मॉडेलं बनवणाऱ्यांच्या बैठकीत ॲल्युमिनियमचा एखादा काळपट, तपकिरी झाक असलेला भाग टेबलावर ठेवला की पुढे काय होणार हे आता पाठ झालं आहे. कुणीतरी तो उचलतो, नखाने खरवडतो आणि विचारतो, "रंगवलंय का?" नाही, केमिकलने काळं केलंय, असं सांगितलं की त्याचा रस तिथेच संपतो. मग ठरलेली वाक्यं सुरू होतात. ॲल्युमिनियमवर पॅटिना, म्हणजे धातूच्याच अंगावर येणारा रंगीत थर, चढत नाही, तो तांब्या-पितळेचा गुण. चढला तरी चार दिवसांत निघून जातो. टिकलाच, तरी नव्या वस्तूला जुनं दाखवणं ही लबाडी. काळंच हवं असेल तर ॲनोडाइज करून आणा, नाहीतर मॅट ब्लॅकचा स्प्रे मारा. घरात ॲसिडच्या बाटल्या कशाला?

या म्हणण्याला उत्तर द्यायला हवं, कारण ते आता मत राहिलेलं नाही, नियम होऊन बसलं आहे. नवा मुलगा पहिली आरसी क्रॉलर जुळवायला घेतो. दगडधोंड्यांतून, चिखलातून जाणाऱ्या ट्रकची ती एक दशांश प्रतिकृती. तिच्यासाठी बाजारात मिळतात ते हब, लिंक आणि रिम लालभडक, निळे, जांभळे. खऱ्या ट्रकच्या चाकासारखा मळकट लोखंडी रंग कसा आणू, असं तो विचारतो, तेव्हा चारचौघे त्याच्या हातात स्प्रेचा डबा देतात. दुसरा कुणी बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज वाघिणीची प्रतिकृती करत असतो. घरच्या छोट्या लेथवर पोलादाचं काम जड जातं, म्हणून ब्रेकची सगळी जुळणी त्याने ॲल्युमिनियममधून कातलेली असते. आकार अचूक, पण अंगावर पातेल्याची चकाकी. त्यालाही तोच डबा. दोघांच्याही हातून एक अख्खी कारागिरी जाते, आणि ती "होत नाही" म्हणून सांगणाऱ्यांनी बहुधा ती कधी करूनच पाहिलेली नसते.

ॲल्युमिनियमवर पॅटिना चढत नाही म्हणे. आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिलंय कधी? कुकरच्या तळाशी पाणी घालून वर वरणभाताचा डबा ठेवतात, तेव्हा त्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटूक का टाकतात? कारण टाकलं नाही तर कुकर आतून काळा पडतो. बोअरचं पाणी असेल तर आणखी लवकर पडतो. जुन्या इडलीपात्राच्या आत पाणी जिथवर पोहोचतं तिथवर राखी-काळा पट्टा असतो आणि त्याच्या वर धातू पांढरा. ही रेघ पेन्सिलीने आखावी इतकी स्पष्ट असते. हा पट्टा घासणीने सहजी जात नाही. चिंच घालून उकळलं तर मात्र जातो. तो पॅटिना नाही तर काय आहे?

कारण साधं आहे. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा नेहमीच असतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. हा पापुद्रा साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान शाबूत राहतो. त्याहून आंबट द्रावणात तो विरघळतो आणि त्याहून अल्कली द्रावणातही विरघळतो. जड पाणी उकळलं की ते जास्त अल्कली होतं, जुना पापुद्रा सुटतो, त्याजागी पाणी धरलेल्या ऑक्साइडचा जाड थर वाढतो आणि पाण्यातले, धातूतले लोहादी अंश त्यात अडकून बसतात. म्हणून काळेपणा. चिंचेचं आम्ल हा व्यवहार होऊच देत नाही. आपल्या आज्यांना पीएच माहीत नव्हता, पण जर्मनचं भांडं काळं पडतं आणि ते कशाने थांबतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्याच नातवंडांनी हा धातू काळा पडत नाही असं छातीठोकपणे सांगावं?

भांडं नको असेल तर पुतळा घ्या. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी घडवलेली पंखधारी आकृती १८९३ पासून आहे. लोक तिला एरॉस म्हणतात. ती ॲल्युमिनियमची आहे. हॉल आणि हेरू यांनी १८८६ मध्ये विजेने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधल्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. लंडनच्या धुरापावसात ती आकृती पातेल्यासारखी लखलखीत राहिली नाही, करडी पडली. उघड्यावरच्या धातूचं जे होतं ते तिचंही झालं.

"चढत नाही" म्हणणाऱ्यांच्या अनुभवात एक खरी गोष्ट आहे, पण तिचा अर्थ ते उलटा लावतात. तांब्याच्या पट्टीवर द्रावण लावलं की लगेच रंग येतो, ॲल्युमिनियमवर येत नाही, हे खरं. पण का येत नाही? मोरचुदाच्या निळ्या पाण्यात ॲल्युमिनियमची पट्टी टाका. बराच वेळ काहीच होत नाही. आता त्यात चिमूटभर मीठ टाका. थोड्याच वेळात पट्टीवर बुडबुडे धरतात, कडा तांबूस होतात, मग तपकिरी, मग काळपट, आणि भांडं हाताला गरम लागतं. मिठातल्या क्लोराइडने पापुद्र्याला भोकं पाडली आणि आतला धातू मोरचुदातलं तांबं ओढून घ्यायला लागला. विद्युत-रसायनाच्या कोष्टकात ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्टवर बसतं आणि तांबं अधिक ०.३४ वर. दोन व्होल्टचं अंतर आहे. म्हणजे हा धातू थंड नाही, उलट फार उतावळा आहे, आणि पापुद्रा त्याला धरून ठेवतो. पॅटिना करणाऱ्याचं काम एवढंच की तो पापुद्रा काढायचा आणि हवेला तो पुन्हा चढवायची संधी न देता त्याजागी आपल्याला हवा तो थर बसवायचा. ज्याने पहिली पायरी गाळली, त्याला दुसरी लाभत नाही. यात दोष धातूचा कसा?

आता टिकण्याची गोष्ट. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण बहुतेक बदनामी इथेच झालेली आहे.

चार दिवसांत निघणारे पॅटिना असतात. मी पाहिलेले असे सगळे भाग एकाच प्रकारचे होते: पाकिटातून काढले, थिनरच्या बोळ्याने पुसले, काळं करणारं द्रावण ब्रशने फासलं आणि कापडाने कोरडे केले. अशाने येतो तो पॅटिना नव्हे, काजळी. खाली पापुद्रा जसाच्या तसा, त्यावर बोटांचं तेल, मशिनिंगचं कूलंट आणि या सगळ्यावर सुटी काळी पूड. ती बोटाला लागणारच. भिंतीचे पोपडे न खरवडता डिस्टेंपर मारला आणि तो उडाला, तर कुणी डिस्टेंपर ही चीजच खोटी असं म्हणतं का?

नीट केलेलं काम कसं असतं ते जवळून पाहा. एक रिम घ्या, ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून कातलेली. भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने आट्यांच्या तळापर्यंत घासायची. मग हिरव्या घासणीने किंवा बारीक पॉलिशपेपरने पाण्याखाली एकसारखी मॅट करायची. गुळगुळीत चकाकीवर थर नीट धरत नाही. मग धुऊन उभी धरायची आणि पाणी कसं ओघळतं ते बघायचं. पाण्याची चादर अखंड राहिली तर तेल गेलं. कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, पुन्हा घासायचं. ही परीक्षा प्लेटिंगच्या कारखान्यांतही करतात आणि तिला एक पैसा लागत नाही. त्यानंतर कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण. भाग आत जाताच क्षणभर शांतता असते, मग सगळ्या अंगावर बारीक बुडबुडे फुटतात. ते हायड्रोजनचे. बुडबुडे एकसारखे झाले की लगेच बाहेर. आता अंगावर करडी-काळी बुकणी दिसते. ॲल्युमिनियममधले तांबे, लोह, सिलिकॉनसारखे जे घटक कॉस्टिकला दाद देत नाहीत, ते मागे राहतात. ती बुकणी काढलीच पाहिजे. कारखान्यात नायट्रिक आम्लात बुडवतात. ६०६१ सारख्या धातूवर घरी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासूनही बरीचशी जाते. आणि मग भाग कोरडा न करता, ओलाच, थेट काळ्या द्रावणात.

या क्षणी घाई करणारा हरतो. द्रावणाची ताकद कमी ठेवली, तर रंग टप्प्याटप्प्याने येतो: आधी पिवळट, मग उंटाच्या कातडीसारखा, मग शिशासारखा निळसर करडा, मग काळा. हवा तिथे थांबवता येतो, कारण वाहत्या पाण्यात धरलं की व्यवहार थांबतो. उचललेल्या कडांवर घासणी फिरवून पुन्हा बुडवलं तर कडा फिक्या, खोबणी गडद. असा वापरलेल्या लोखंडाचा रंग कुठल्या डब्यातून येतो?

यानंतरचं धुणं ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. थर टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या भागांवर महिन्या-दोन महिन्यांनी पांढरी पूड फुटलेली असते. पॅटिना उडाल्याने ती येत नाही. आट्यांत, भोकांत राहिलेलं क्लोराइड आणि वरचं तांबं दमट हवेत मिळून ॲल्युमिनियम खात राहतात आणि त्याचं हायड्रॉक्साइड पांढरं होऊन बाहेर येतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर हे नक्कीच होणार. उपाय आहे: भरपूर पाणी, मग खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी, पुन्हा साधं पाणी, गरम हवेने कडक वाळवणं आणि भाग कोमट असतानाच मेण किंवा पातळ लॅकर. एवढं केलेला भाग प्रदर्शनात हाताळला जातो, गाडीवर चालतो, आणि झिजतो तो जिथे घासतो तिथेच. खऱ्या वस्तूचंही तेच होतं ना? दारूच्या बंदुकीपासून पोलादी कानशीपर्यंत, रोज हाताळलेल्या प्रत्येक हत्याराच्या कडा उघड्या पडतात.

आणि रंग टिकतो म्हणता, तो कसा टिकतो? रंगाचे पोपडे निघतात. चाकाच्या कडेला दगड लागला की प्रायमरसकट टवका उडतो आणि खालचं पांढरं ॲल्युमिनियम लांबून डोळ्यांत भरतं. पॅटिनाला टवका उडत नाही, कारण उडण्याइतकी जाडीच त्याला नसते. तीच त्याची सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि "पातळ आहे" म्हणून तिच्यातच खोट काढली जाते.

ज्यांच्या मॉडेलात आटे आहेत त्यांनी इथे वही उघडावी. क्रॉलरच्या बीडलॉक रिमवर गोल कडं बसवायला एम२ किंवा एम२.५ चे कितीतरी स्क्रू असतात. एम२ चा आट्याचा टप्पा ०.४ मिलिमीटर. साठ अंशांच्या आट्याच्या उतारांवर कुठलाही थर चढला, की त्याची जाडी आट्याच्या मधल्या व्यासात चौपट होऊन उतरते. प्रायमर आणि रंग मिळून ५० मायक्रॉन धरले, तर व्यासात ०.२ मिलिमीटरचा फरक. एम२ चा तो व्यास मुळात १.७४ मिलिमीटर. स्क्रू जाईल का? मग टॅप पुन्हा फिरवा, रंग सोलला जाईल, आणि स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी चकती दिसेल. मायक्रॉनहून थोड्या कमी-जास्त जाडीचा पॅटिना त्याच आट्यात शिरतो आणि स्क्रू जसा आधी बसायचा तसाच बसतो. बेअरिंगच्या घरांचं, शाफ्टच्या फिटचंही तेच. अचूक कातलेल्या भागावर स्प्रे मारणं म्हणजे स्वतःच केलेल्या अचूकतेवर पाणी ओतणं आहे.

लबाडीचा आरोप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण त्यात आपल्याच मातीतल्या कारागिरांचा अपमान आहे. बिदरीचा हुक्का किंवा सुरई कुठल्याही संग्रहालयात पाहा. काळ्याभोर अंगावर चांदीची वेल. ते अंग जस्ताचं असतं, थोडं तांबं मिसळलेलं, आणि ओतल्यावर पांढरट करडं दिसतं. त्याला काळं करतात ते रसायनाने: बीदरच्या किल्ल्यातली खास माती, नवसागर आणि पाणी. याच कामात आधीची एक पायरी असते. नक्षी कोरायची तर पांढऱ्या धातूवर रेघ दिसत नाही, म्हणून कारागीर त्यावर मोरचूद चोळून त्याला तात्पुरता काळा करतात, मग कोरतात. शेवटी माती-नवसागराचा लेप, आणि चांदी शुभ्र राहून जस्त रात्रीसारखं काळं. २००६ पासून या कलेला भौगोलिक मानांकन आहे. आणि ही कला आपल्याला परकी नाही. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. शतकानुशतकं हात काळे करत आलेल्या या कारागिरांना कुणी म्हणेल का, की तुम्ही जस्ताला दुसरं काही दाखवताय, तुमचं काम खोटं?

दुसरी उदाहरणंही समोरच आहेत. पुण्याच्या तुळशीबागेत ऑक्सिडाइज्ड दागिन्यांसमोर गर्दी असते. खऱ्या चांदीचे असतील तर ते गंधकाच्या संयुगाने काळे केलेले असतात आणि ती काळोखी नक्षीच्या खाचांत राहते म्हणूनच नक्षी उठून दिसते. चौकातले ब्राँझचे पुतळे ओतकामशाळेतून हिरवे-तपकिरी होऊनच बाहेर पडतात. बर्नरने तापवून त्यांवर लोखंडाच्या, तांब्याच्या नायट्रेटची द्रावणं ब्रशने बसवलेली असतात. धातूला रसायनाने रंग देणं हा धातुकामाचाच भाग आहे, जितकं कानस मारणं आहे तितकाच. बिदरीशी तर ॲल्युमिनियमचं थेट नातं जोडता येतं: ॲल्युमिनियमला कॉस्टिक आणि झिंक ऑक्साइडच्या द्रावणात, ज्याला झिंकेट म्हणतात, बुडवलं की पापुद्रा जाऊन त्याजागी मायक्रॉनहून पातळ जस्ताची कातडी बसते. प्लेटिंगवाले हेच रोज करतात. त्या जस्तावर तांब्याचे क्षार बिदरीच्या मोरचुदासारखेच झटकन काळे बसतात. याला लबाडी म्हणायचं तर बिदरीलाही म्हणा. आहे तयारी?

फसवणूक कुठे सुरू होते तेही सांगतो. काल ओतलेला पितळी दिवा ॲसिडने हिरवा करून "पेशवेकालीन" म्हणून विकला, तर ती फसवणूक. पण ती विकणाऱ्याच्या तोंडात आहे, दिव्याच्या रंगात नाही. ॲल्युमिनियमची वाघीण कुणी खरी वाघीण म्हणून विकत नाही. ती प्रतिकृती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि प्रतिकृतीचं काम मूळ वस्तूचं रूप उभं करणं हेच असतं. आकार दहापट लहान करायला कुणाची हरकत नाही, लाकडाच्या जागी प्लास्टिक चालतं, मग रंगापाशीच सचोटी का आठवते?

ॲनोडायझिंगचा आग्रह धरणारे सगळ्यांत आत्मविश्वासाने बोलतात, त्यांना एवढंच विचारतो: ॲनोडाइज केलेल्या भागाचा काळा रंग कुठून येतो? विजेने ऑक्साइडचा थर वाढवतात, साधारण ५ ते २५ मायक्रॉन. तो थर पारदर्शक असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत रंग भरतात, बहुधा कापडाला लावतात त्या जातीचा सेंद्रिय रंग, आणि मग गरम पाण्याने छिद्रं बंद करतात. म्हणूनच उन्हात राहिलेले काळे ॲनोडाइज्ड भाग पुढे जांभळट पडतात. छिद्रांत बाहेरून आणून कोंबलेला रंग अस्सल, आणि धातूशीच व्यवहार करून बसलेला थर नकली, हे कोणत्या हिशेबाने?

ॲनोडायझिंग ही थोर प्रक्रिया आहे, यात वाद नाही. बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये ती आणली ती समुद्रावरच्या विमानांचं ड्युरॅल्युमिन खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी. जिथे घर्षण आहे, जिथे गंज रोखायचा आहे, तिथे ती घ्याच. पण हौशी माणसाच्या कामाचं वास्तव वेगळं असतं. छोट्या कारखान्यात चार रिमा घेऊन गेलं तर पूर्ण लॉटचे पैसे पडतात. एकदा माझे भाग दुसऱ्या कुणाच्या मोठ्या लॉटमध्ये घातले गेले आणि एकाच गाडीची चाकं दोन वेगळ्या काळ्या छटांची परत आली, कारण दोन धातू वेगळे होते आणि कुणी विचारलंच नाही. ओतीव भागांचं तर बोलायलाच नको. बाजारातले स्वस्त ओतीव भाग बहुधा एडीसी१२ सारख्या धातूचे असतात, त्यात दहा-बारा टक्के सिलिकॉन. सिलिकॉन ॲनोडाइज होत नाही, त्यामुळे थर डागाळतो, करडा पडतो. भागात पोलादी बुश बसवलेली असेल तर ती आम्लाच्या टाकीतच खाल्ली जाते. आणि सगळं नीट झालं तरी जे मिळतं ते एकसारखं सपाट काळं. खऱ्या लोखंडी चाकावर असा सपाट काळा कधी पाहिलाय? त्या चाकाला छटा असतात आणि त्या छटांवरच मॉडेलचं खरेपण उभं राहतं.

आता धोका. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण तो खरा आहे. पण तो ज्या तोंडाने घेतला जातो त्याबद्दल बोलायला हवं. कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर डोळा जातो. ॲल्युमिनियमवर ते टाकलं की हायड्रोजन आणि उष्णता निघते, म्हणून झाकण बंद डबा नको आणि जवळ ज्योत नको. बाजारातली बरीच काळी द्रावणं सेलेनियस आम्ल आणि तांब्याच्या क्षारांवर चालतात, आणि सेलेनियस आम्ल पोटात गेलं तर थोडंही जीव घेऊ शकतं. म्हणून ती पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं हा गुन्हा समजावा. षट्संयुजी क्रोमियमचे सोनेरी थर कॅन्सरला कारण ठरतात, ते घरी करायचेच नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्लाला तर हात लावायचा नाही, मग ते "ॲलॉय व्हील क्लीनर" नावाच्या बाटलीत आलं तरी. गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, उघडी गॅलरी, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही, मुलं-मांजरं लांब, आणि वापरलेलं द्रावण मोरीत नाही. त्यात ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तांबं खाली बसू द्यायचं, गाळ वेगळा साठवायचा.

हे सगळं पाळायचं आहे, आणि पाळता येतं. पण जे लोक हा धोका दाखवतात, तेच बंद खोलीत टू-के रंग मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, जी फुप्फुसाला कायमची इजा करू शकतात आणि ज्यांचा वास धोक्याआधी येईलच असं नाही. कागदी मास्क लावून स्प्रे मारणाऱ्याने कॉस्टिकची भीती दाखवावी? धोका सांभाळायचा असेल तर दोन्हीकडे सांभाळा. एकीकडे डोळेझाक आणि दुसरीकडे बागुलबुवा, ही सावधगिरी नव्हे.

वेळ लागतो, ही तक्रार मी ऐकूनही घेत नाही. ज्याने वाघिणीची ब्रेकची दांडी लेथवर संध्याकाळ घालवून कातली, त्याला तिच्या रंगासाठी आणखी एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एक स्पष्ट मागणं आहे. गुणपत्रिकेत "फिनिश" या रकान्यात चकाकीला आणि सपाट रंगाला आपोआप वरचे गुण देणं बंद करा. काळपट ॲल्युमिनियम दिसलं की तो भाग अपुरा राहिलाय असं धरू नका. बनवणाऱ्याला विचारा: धातू कोणता, तयारी कशी केली, कोणत्या द्रावणात, कुठे थांबवलं, कशाने सील केलं. रंगवणाऱ्यालाही हेच विचारा, प्रायमर कोणता आणि किती थर. उत्तरांवरून काम कुणाचं खोलवर आहे ते कळेल.

आणि जे अजूनही म्हणतात की हे खोटं आहे, टिकत नाही, होत नाही, त्यांनी एकाच पट्टीतून कातलेल्या दोन रिमा घ्याव्यात. एक रंगवावी, एक वर सांगितलं तशी काळी करावी, एकही पायरी न गाळता. दोन्हींत एम२ चे स्क्रू हाताने बसवून बघावेत. मग दोन्ही एकाच गाडीच्या एका अंगाला पुढे-मागे लावून पावसाळाभर सह्याद्रीच्या दगडांतून, चिखलातून चालवाव्यात. दिवाळीला धुऊन टेबलावर ठेवाव्यात आणि कोणती रिम ट्रकची दिसते ते शेजारच्या मुलाला विचारावं. तोवर ॲल्युमिनियमला पॅटिना शोभत नाही हे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारू नये.